खेळाडूचा आजार : वर्गणीकडून व्यवस्थेकडे

(क्रीडाशिक्षक, क्रीडासंघटक व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

कराड तालुक्यातील गोळेश्वर गावचे सुपुत्र खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक स्पर्धेसाठी निघाले, तेव्हा प्रवासखर्चाची चिंता त्यांच्यापुढे उभी होती. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. या मदतीच्या बळावर हेलसिंकीला पोचलेल्या खाशाबांनी बँटमवेट गटातील कुस्तीत कांस्यपदक मिळविले आणि स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक लाभले. महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासातील हे पान प्रत्येक क्रीडाशिक्षकाला परिचित आहे.

त्यानंतरच्या सात दशकांत चित्र पुष्कळच पालटले आहे. राष्ट्रीय प्रशिक्षण शिबिरे, परदेशी स्पर्धांचा खर्च, मार्गदर्शकांचे वेतन, क्रीडासाहित्य, पदकविजेत्यांना रोख पारितोषिके व नोकऱ्या या सर्व बाबतींत केंद्र व राज्य शासनांनी जबाबदारी उचलली आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेच्या निमित्ताने पुण्याजवळ बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले. राष्ट्रीय संघात निवडल्या गेलेल्या खेळाडूच्या प्रवासासाठी कोणा प्राचार्याने घर गहाण टाकावे, अशी वेळ आता सहसा येत नाही.

परंतु एक प्रसंग असा आहे, की त्या प्रसंगी खेळाडू आजही १९५२ मध्येच उभा असतो. तो प्रसंग म्हणजे गंभीर आजार. कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचा वा यकृताचा विकार जडला, की घर विकण्याची, कर्ज काढण्याची आणि वृत्तपत्रांतून साहाय्याचे आवाहन करण्याची पाळी नामवंत खेळाडूंवरही आलेली आहे. स्पर्धेला जाण्यासाठीची वर्गणी थांबली. रुग्णालयात जाण्यासाठीची वर्गणी अद्याप थांबलेली नाही. ती कशी थांबविता येईल, हाच या व्याख्यानाचा विषय आहे.

ध्यानचंद ते डिंको सिंग

हॉकीचे जादूगार म्हणून जगाने गौरविलेले मेजर ध्यानचंद यांनी १९२८, १९३२ व १९३६ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदके मिळविली. त्यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, हा देशभर राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्यांचा अंत मात्र ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्वसाधारण कक्षात, यकृताच्या कर्करोगाने झाला. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, १९८२ साली, केंद्र शासनाने खेळाडूंसाठी राष्ट्रीय कल्याण निधी स्थापन केला. आजारी व हलाखीत असलेल्या खेळाडूंना साहाय्य करण्याची ही पहिली राष्ट्रीय तरतूद होय.

निधी निर्माण झाला, तरी दुर्दैवाची मालिका खंडित झाली नाही. हॉकीचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण यांनी १९५६, १९६० व १९६४ या तीन ऑलिंपिक स्पर्धांत भारताचे गोल राखले आणि दोन सुवर्ण व एक रौप्यपदक मिळविण्यात मोलाचा वाटा उचलला. मराठा लाइट इन्फंट्रीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेल्या या वीराचे २००६ साली महू येथे, पाय सडण्याच्या व्याधीने निधन झाले. ज्या पायांनी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत गोल अडविले, त्या पायावरील उपचार वेळीच होऊ शकले नाहीत, ही गोष्ट कोणालाही अंतर्मुख करील.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मुष्टियुद्धाच्या अवजड गटात सुवर्णपदक मिळविणारे कौर सिंग यांनी त्यापूर्वी, १९८० साली, दिल्लीत मुहम्मद अली यांच्याशी प्रदर्शनीय लढत दिली होती. अर्जुन पुरस्कार व पद्मश्री या दोन्ही सन्मानांचे ते मानकरी. हृदयविकारावरील उपचारांसाठी त्यांना खाजगी सावकाराकडून कर्ज काढावे लागल्याचे वृत्त २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर सैन्यदलाने तीन लाख रुपयांचे व केंद्रीय कल्याण निधीने पाच लाख रुपयांचे साहाय्य दिले. १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविणारे हवालदार हाकम सिंग भट्टल यकृत व मूत्रपिंडाच्या विकाराने रुग्णालयात पडून असल्याचे २०१८ मध्ये वृत्तपत्रांतून समजले. केंद्र शासनाने दहा लाख रुपये मंजूर केले. परंतु त्याच वर्षी १४ ऑगस्ट रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

मणिपूरचा मुष्टियोद्धा डिंको सिंग याची कहाणी अधिकच बोलकी आहे. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्याने बँटमवेट गटाचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा भारताला मुष्टियुद्धात सोळा वर्षांनी सुवर्ण लाभले होते. ईशान्य भारतातील अनेक तरुण मुलामुलींनी त्याच्याकडे पाहूनच हातमोजे चढविले. पुढे तो इंफाळ येथे मार्गदर्शक म्हणून काम करीत होता. २०१७ मध्ये त्याला यकृताच्या कर्करोगाने गाठले. दिल्लीत मोठी शस्त्रक्रिया झाली; खर्चासाठी इंफाळमधील घर विकावे लागल्याचे वृत्त त्या सुमारास आले. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे त्याला पुढील उपचारांसाठी दिल्लीला पोचता येईना, तेव्हा मुष्टियुद्ध महासंघाच्या पुढाकाराने रुग्णवाहू विमानाची सोय करावी लागली. १० जून २०२१ रोजी, अवघ्या ४२ व्या वर्षी, डिंको सिंगचे निधन झाले.

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट लक्षात येते. साहाय्य कोणीच केले नाही, असे झालेले नाही. शासन, सैन्यदल, क्रीडा महासंघ, सहकारी खेळाडू यांनी यथाशक्ति हात पुढे केला. उणीव आहे ती क्रमाची. आधी आजार बळावतो, मग कर्ज होते, मग वृत्त येते, मग आवाहन होते, मग अर्ज व मंजुरी होते, आणि या सर्व पायऱ्या चढून पैसा पोचेपर्यंत रोगाने आपले काम उरकलेले असते. केवळ पैसा उपलब्ध असणे पुरेसे नाही, हेही स्पष्ट आहे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या हॉकी संघातील अलौकिक खेळाडू मोहम्मद शाहिद हे रेल्वेच्या सेवेत होते व त्यांच्या उपचारांचा भार रेल्वेने उचलला. तरीही यकृत व मूत्रपिंडाचा विकार बळावल्यानंतर त्यांना वाराणसीहून गुरुग्रामला हलवावे लागले आणि जुलै २०१६ मध्ये ५६ व्या वर्षी ते कालवश झाले. रोग वेळेवर ओळखणे व उपचार वेळेवर सुरू होणे, ही पैशाइतकीच महत्त्वाची गोष्ट होय.

बलवान शरीराचा धोका

खेळाडूचा आजार उशिरा का कळतो, याचा विचार करणे अगत्याचे आहे. सामान्य माणूस जिना चढताना दमला, की त्याला शंका येते. खेळाडूच्या शरीरात शक्तीचा साठा एवढा असतो, की त्यातील बराचसा रोगाने खाल्ला तरी नित्याचे व्यवहार बिनदिक्कत चालू राहतात. शिवाय वेदना सहन करणे हा त्याच्या शिक्षणाचाच भाग असतो. दम लागला तर सराव कमी पडला, वजन घटले तर परिश्रम जास्त झाले, पाठ दुखली तर डाव करताना लचकली, असे स्पष्टीकरण तो स्वतःच देतो. आणि पुष्कळदा मार्गदर्शकही तेच मान्य करतो. निवडचाचणी जवळ आलेली असल्यास आजार सांगणे म्हणजे संघातील जागा गमावणे, ही भीतीही त्याच्या मनात असते.

क्रिकेटपटू युवराज सिंग याने २०११ च्या विश्वचषक स्पर्धेत ३६२ धावा काढल्या व १५ बळी घेतले. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून तो गौरविला गेला. त्या काळात त्याला खोकला, धाप व उलट्यांचा त्रास होत होता. पुढे तपासणीत दोन फुप्फुसांमधील भागात कर्करोगाची गाठ असल्याचे निष्पन्न झाले. २०१२ च्या आरंभी अमेरिकेत त्याच्यावर रासायनिक उपचार झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो पुन्हा भारताकडून खेळला. जगज्जेत्या संघातील खेळाडूचाही आजार सरावाच्या थकव्याआड लपू शकतो, हा यातील पहिला बोध; आणि निदानानंतर उत्तम उपचार विनाविलंब मिळाले तर खेळाडू मैदानावर परतू शकतो, हा दुसरा. मात्र क्रिकेटपटूला सहज मिळू शकणारी ही संधी कबड्डी, खो-खो, कुस्ती वा धावण्याच्या शर्यतीतील खेळाडूला मिळत नाही. रोग मात्र खेळ पाहून येत नाही.

हृदयाची हाक

खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूंत हृदयविकारांचा वाटा मोठा आहे. दीर्घकाळ व्यायाम करणाऱ्याचे हृदय आकाराने मोठे होते, हे स्वीडनमधील हेन्शेन या वैद्याने १८९९ सालीच बर्फावरील शर्यतपटूंची तपासणी करून नोंदविले होते. ही वाढ निरोगी असते. परंतु काही जणांच्या हृदयाचे स्नायू जन्मजात दोषामुळे जाड होतात. सुमारे पाचशे व्यक्तींमध्ये एकाला हा दोष असतो, असे मानले जाते. अशा व्यक्तीला एरवी कोणताच त्रास जाणवत नाही; तीव्र श्रमाच्या क्षणी मात्र हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. निरोगी वाढ कोणती व रोगाची कोणती, हे ओळखण्यासाठी हृदयाचा विद्युत आलेख व आवश्यकतेनुसार ध्वनिलहरींची तपासणी करावी लागते.

इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळांत भाग घेणाऱ्या प्रत्येकाची विद्युत आलेखासह वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. त्या देशातील व्हेनेटो प्रांतात पुढील दोन दशकांत तरुण खेळाडूंच्या आकस्मिक हृदयमृत्यूंचे प्रमाण जवळजवळ नव्वद टक्क्यांनी घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. सर्वच देशांनी ही सक्ती स्वीकारली नाही. खर्च वाढतो आणि काही निरोगी खेळाडूंवर विनाकारण संशय येतो, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. तथापि सरसकट सक्ती शक्य नसली, तरी ज्याच्या कुटुंबात तरुणपणी आकस्मिक मृत्यू झाला आहे, ज्याला धावताना भोवळ येते वा छातीत दुखते, त्याची तपासणी टाळण्यास कोणतेही कारण पुरेसे ठरणार नाही.

मैदानावरील तयारीचा प्रश्नही तितकाच निकडीचा आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने संघाचा दुसरा गोल केला आणि गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला. त्याचे प्राण वाचू शकले नाहीत. मैदानावरील वैद्यकीय व्यवस्थेबद्दल त्या वेळी देशभर टीका झाली. याउलट १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन सामना चालू असताना हृदयक्रिया बंद पडून कोसळला, तेव्हा काही क्षणांत त्याच्या छातीवर दाब देण्यास सुरुवात झाली व विजेचा झटका देणारे यंत्र मैदानावरच वापरले गेले. तो वाचला, एवढेच नव्हे, तर शरीरात संरक्षक यंत्र बसवून २०२२ च्या विश्वचषक स्पर्धेतही खेळला. हृदय बंद पडल्यानंतर असा झटका देण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. हे काम डॉक्टरच करू शकतात असेही नाही. छातीवर दाब कसा द्यावा, हे कोणताही क्रीडाशिक्षक थोड्याशा प्रशिक्षणाने शिकू शकतो, आणि हे यंत्रही वापरणाऱ्याला बोलून सूचना देते.

महाराष्ट्राचे स्वतःचे प्रश्न

प्रत्येक प्रदेशाच्या आरोग्याचे काही विशेष असतात व ते खेळाडूंमध्येही उतरतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती, तसेच धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेल हा रक्तातील आनुवंशिक दोष आढळतो. याच भागांतून धावण्याच्या शर्यतींत चमकणारी आदिवासी मुले-मुली पुढे येत आहेत. माता-पित्यांपैकी एकाकडूनच हा दोष आलेली वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी असते व तिला खेळण्यास मनाई नाही. परंतु कडक उन्हात, पाणी कमी पिऊन, विश्रांतीविना अतितीव्र श्रम केल्यास अशा व्यक्तीच्या स्नायूंना गंभीर इजा होऊन प्राणावर बेतू शकते. अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडा संघटनेने २०१० पासून आपल्या प्रमुख विभागातील खेळाडूंची या दोषासाठी चाचणी सुरू केली. आपल्या देशातही १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे. क्रीडा प्रबोधिनीत वा आश्रमशाळेतील संघात प्रवेश देतानाच ही साधी रक्तचाचणी झाली व तिचा अहवाल मार्गदर्शकाला समजला, तर सरावाचा वेग, पाणी व विश्रांती यांचे नियोजन त्याला करता येईल.

मुलींच्या बाबतीत रक्तक्षयाचा विचार प्रथम करावा लागतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात लोह नसताना सरावाचे अंतर वाढवीत नेणे, म्हणजे तेल नसलेल्या दिव्याची वात वाढविण्यासारखे आहे. सरावाच्या मानाने आहार अपुरा पडल्यास मासिक पाळी बंद होते व हाडे ठिसूळ होतात. ही गोष्ट संकोचामुळे अनेक मुली पुरुष मार्गदर्शकास सांगत नाहीत. प्रत्येक मुलींच्या संघाबरोबर तिचे ऐकून घेणारी एखादी शिक्षिका किंवा परिचारिका असणे म्हणूनच आवश्यक आहे.

तिसरा प्रश्न उन्हाचा. विदर्भ व मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी स्पर्धा घेण्याची पद्धत अजून सर्वत्र बंद झालेली नाही. श्रमामुळे येणाऱ्या उष्माघातात रुग्णाला आधी थंड करावे व मग हलवावे, हा वैद्यकीय नियम आहे. पाण्याने भरलेले एक मोठे पिंप व बर्फाच्या काही लाद्या एवढ्या साधनांनी जीव वाचू शकतो.

आणि चौथा प्रश्न महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याच्या कुस्तीचा. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरला खासबाग मैदान बांधले, तेव्हापासून तालीम ही या मातीची ओळख बनली आहे. पैलवानाचा खुराक हा त्याच्या मेहनतीशी जुळलेला असतो. कुस्ती सुटते, जोर-बैठका कमी होतात. मात्र दूध, तूप, बदाम व मांसाहार यांची सवय सहजासहजी सुटत नाही. वजन वाढते आणि त्यामागोमाग रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार येण्याचा धोका वाढतो. गुडघ्यांच्या जुन्या दुखापतींमुळे चालणेही कठीण झालेले असते. वयोवृद्ध मल्लांना राज्य शासन मानधन देते, ही समाधानाची बाब होय. परंतु त्या मानधनातील मोठा भाग औषधांवर खर्च होत असेल, तर मानधनाबरोबर वर्षातून एकदा तपासणीही द्यावयास हवी. कुस्ती कशी सोडावी, म्हणजे खुराक व व्यायाम यांचा मेळ टप्प्याटप्प्याने कसा घालावा, हे शिकविणे हासुद्धा वस्तादाच्या शिकवणीचा शेवटचा धडा मानला पाहिजे.

औषध घेण्याची भीती

आजारी खेळाडूपुढे आणखी एक अडचण असते, जी इतर रुग्णांपुढे नसते. नित्याच्या उपचारांतील काही औषधे उत्तेजक-प्रतिबंधक यादीत समाविष्ट आहेत. मधुमेहासाठी लागणारे इन्सुलिन, रक्तदाब व सूज यांसाठी दिली जाणारी मूत्रल औषधे, स्पर्धाकाळात घेतलेली काही स्टेरॉइड औषधे ही त्यांपैकी होत. परवानगीवाचून ती घेतल्यास खेळाडूवर बंदी येऊ शकते. या भीतीने काही खेळाडू औषधच टाळतात, तर काही अजाणतेपणी घेऊन दोषी ठरतात. वास्तविक उपचारांसाठी अशा औषधांच्या वापराची रीतसर सवलत मिळविण्याची तरतूद नियमांत आहे, आणि २००५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेकडे त्यासाठी अर्ज करता येतो. तथापि तालुक्याच्या गावातील खेळाडूला व त्याच्या डॉक्टरला याची माहिती कोण देणार? जिल्हा क्रीडा कार्यालयाने हे काम अंगावर घेतले, तर अनेकांची कारकीर्द व प्रकृती दोन्ही वाचतील.

आज काय उपलब्ध आहे

खेळाडूंसाठीच्या राष्ट्रीय कल्याण निधीला आता पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचे नाव देण्यात आले आहे. त्यातून हलाखीत असलेल्या पात्र खेळाडूस वैद्यकीय उपचारांसाठी दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना १९९४ च्या योजनेनुसार निवृत्तिवेतन दिले जाते. २०१८ मध्ये त्याची रक्कम दुप्पट करण्यात आली व ऑलिंपिक पदकविजेत्यासाठी ती दरमहा वीस हजार रुपये झाली. २०२० च्या मे महिन्यात भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या वतीने तेरा हजारांहून अधिक खेळाडू, मार्गदर्शक व साहाय्यकांना प्रत्येकी पाच लाख रुपयांचा आरोग्य विमा देण्याचा निर्णय जाहीर झाला. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत यांच्या एकत्रित अंमलबजावणीमुळे पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यभर चालू आहे. मुंबईत १९४१ पासून कर्करुग्णांची सेवा करणारे टाटा स्मारक रुग्णालय आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात क्रीडावैद्यकाचा विभाग आहे.

म्हणजे साधनांचा अगदीच अभाव आहे, असे म्हणता येणार नाही. परंतु ही साधने एका सूत्रात ओवलेली नाहीत. विम्याचे संरक्षण प्रामुख्याने शिबिरात वा प्रबोधिनीत असेपर्यंत. निधीचे साहाय्य हलाखी सिद्ध झाल्यानंतर. निवृत्तिवेतन केवळ मोठ्या पदकाला. राज्य वा राष्ट्रीय स्पर्धेत दहा वर्षे खेळून, पदकाच्या उंबरठ्यावरून परतलेला खेळाडू या तिन्हींच्या मधल्या फटीत सापडतो. आपल्याकडील क्रीडावैद्यकाचा भरही मुख्यतः गुडघा, खांदा, घोटा यांच्या दुखापतींवर राहिला आहे. मोडलेले हाड सर्वांना दिसते. रक्तातील, हृदयातील वा यकृतातील रोग दिसत नाही, म्हणून तो मागे पडतो.

अखंड साखळी काय करू शकते

उपचार, पुनर्वसन व जीवनाची घडी यांची साखळी अखंड राहिली तर काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिले आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे शरीर कमरेखाली लुळे पडले. एक गोळी पाठीच्या कण्यात कायमची राहिली. मुंबईच्या नौदल रुग्णालयात त्यांच्यावर दीर्घकाळ उपचार झाले व व्यायामोपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहण्यास सांगण्यात आले. त्याच पोहण्यातून १९७२ साली हायडलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक आले. पुढे पुण्यातील कारखान्यात त्यांनी नोकरी केली. पेटकरांची जिद्द असामान्य होती, यात शंका नाही. पण त्या जिद्दीला रुग्णालयाची खाट, मार्गदर्शन आणि नंतर रोजगार ही तिन्ही एकापाठोपाठ मिळाली. कोणाकडे अर्ज घेऊन फिरावे लागले नाही म्हणून ती जिद्द फळाला आली, हेही विसरता येणार नाही.

करावयाच्या गोष्टी

या विवेचनातून काही निश्चित सूचना पुढे येतात. पहिली सूचना आरोग्यपुस्तिकेची. जिल्हा पातळीवर निवड झालेल्या प्रत्येक खेळाडूला शिक्षणाच्या प्रगतिपुस्तकासारखी एक आरोग्यपुस्तिका द्यावी. नाडी, रक्तदाब, रक्तातील लोह व साखर, हृदयाचा विद्युत आलेख, कुटुंबातील आजारांची माहिती आणि आवश्यक त्या जिल्ह्यांत सिकलसेलची चाचणी यांची नोंद तीत असावी. यांतील बहुतेक तपासण्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत होऊ शकतात. त्यासाठी नवी इमारत उभारावी लागत नाही. जुनी नोंद हाताशी असली, की नवा बदल चटकन लक्षात येतो.

दुसरी सूचना जबाबदार व्यक्तीची. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात खेळाडूंसाठी एक वैद्यकीय अधिकारी नेमून द्यावा आणि त्याचे नाव जिल्हा क्रीडा कार्यालयातील फलकावर लिहिलेले असावे. शंका आलेल्या खेळाडूला मोठ्या रुग्णालयात कोठे व कसे पाठवावयाचे, कोणती योजना त्याला लागू आहे, कोणते कागद लागतील, हे त्या अधिकाऱ्याने पाहावे. घरात कर्करोग शिरल्यानंतर शिधापत्रिका व पदकांची प्रमाणपत्रे शोधीत बसण्याची वेळ कुटुंबावर येऊ नये.

तिसरी सूचना विम्याची. खेळ सुटला की संरक्षण सुटते, ही पद्धत बदलावयास हवी. रोग बहुधा निवृत्तीनंतरच येतात. ठराविक वर्षे राज्याचे प्रतिनिधित्व केलेल्या खेळाडूला आयुष्यभर आरोग्य संरक्षण व वार्षिक तपासणी मिळावी. तातडीच्या प्रसंगी उपचार प्रथम व हिशेब नंतर, हे तत्त्व मान्य व्हावे. पदकाच्या धातूवरून साहाय्याची पात्रता ठरविण्याऐवजी आजाराच्या गांभीर्यावरून ती ठरावी.

चौथी सूचना मैदानांसाठी आहे. जिल्हा व त्यावरील पातळीच्या कोणत्याही स्पर्धेला मान्यता देताना रुग्णवाहिका, हृदयाला झटका देणारे यंत्र, बर्फ, पिण्याचे पाणी आणि छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण घेतलेले दोन कार्यकर्ते यांची खातरजमा करावी. उद्घाटनाच्या मांडवावर जेवढा खर्च होतो, त्याच्या मानाने हा खर्च मोठा नाही.

पाचवी सूचना क्रीडाशिक्षक व पालकांसाठी. सहज धावणारा मुलगा मागे पडू लागला, मुलीचा चेहरा फिका पडला, खोकला तीन आठवडे थांबला नाही, वजन कारणावाचून उतरले, धावताना भोवळ आली, तर त्याला आळस म्हणू नये, डॉक्टरकडे न्यावे. आजार कळविणाऱ्या खेळाडूची संघातील जागा बरे होईपर्यंत राखून ठेवली जाईल, असा विश्वास मार्गदर्शकाने दिला, तर निम्मी लपवाछपवी आपोआप थांबेल.

खेळाडूच्या शरीरावर राष्ट्र आपला हक्क सांगते. त्याच्या विजयाला राज्य आपला विजय म्हणते, गाव त्याची मिरवणूक काढते, शाळेच्या भिंतीवर त्याचे छायाचित्र लागते. तो हक्क सांगणाऱ्यांनी त्या शरीराच्या दुखण्याचे दायित्वही स्वीकारले पाहिजे. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी व प्राचार्य खर्डेकरांनी १९५२ मध्ये जे केले, ते उदारपणाचे होते; कारण त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. आज रुग्णालये आहेत, योजना आहेत, निधी आहे आणि ज्ञानही आहे. ती सर्व एकत्र आणून खेळाडूच्या दाराशी वेळेवर पोचविण्याचे काम तेवढे शिल्लक आहे. ते जिल्ह्याजिल्ह्यांतून सुरू झाले, तर पुढील पिढीतील एखाद्या पदकविजेत्याच्या घरावर आजारपणापायी विक्रीची पाटी लागणार नाही.